आधीच्या भाडेकरूची थकबाकी, नव्या भाडेकरूचं दार

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत, ३०४ मध्ये, जूनच्या पहिल्या आठवड्यात एक जोडपं भाड्याने राहायला आलं. ती एका खासगी रुग्णालयात नर्स, तो चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. त्याची आई कराडजवळच्या गावाहून येऊन-जाऊन. सामान लावून होत नाही तोच टपालपेटीत सात पाकिटं निघाली, सातही आधीच्या भाडेकरूच्या नावाची. त्यांनी ती चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. ऑगस्ट संपेपर्यंत त्या दारावर अकरा वेळा वसुलीची माणसं येऊन गेली, एकदा त्यांची दुचाकी ओढून न्यायचा प्रयत्न झाला आणि एका दुपारी त्यांच्या फ्रीजची जप्ती थोडक्यात टळली. या तिघांनी कुणाकडून एक रुपयासुद्धा घेतलेला नव्हता.

मी बँकेतून निवृत्त झाले, त्यातली शेवटची नऊ वर्षं वसुली विभागात गेली. त्यामुळे एका रात्री साडेनऊला ती मुलगी ड्यूटीच्या कपड्यांतच माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आम्ही घर सोडून जाऊ का?" तिथून पुढचं सगळं मी वहीत तारीखवार लिहीत गेले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, ते इथे मांडते आहे.

एका उत्तरामुळे काय झालं

आधी मी तिला विचारलं, पहिल्यांदा कोण आलं आणि त्याला काय सांगितलं. पहिल्या भेटीत काय बोललं जातं यावर पुढचे दोन-तीन महिने ठरतात, हे मला कामातून माहीत होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, एक तरुण मुलगा पाठीला बॅग लावून आला होता. घरात सासूबाई एकट्या. त्याने विचारलं, "साहेब आहेत का घरी?" सासूबाईंना वाटलं, मुलाच्या कारखान्यातलं कुणी असेल. त्या म्हणाल्या, "न्हाईत. कामावर गेल्यात. रातच्याला येत्यात." मुलाने मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं, घराच्या पाटीचा फोटो काढला आणि गेला. नाव त्याने विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.

वसुलीच्या कामात प्रत्येक भेटीनंतर एक शेरा टाकावा लागतो. दार बंद असेल तर 'डोअर लॉक', पैसे देतो म्हणाला तर 'पीटीपी', माणूस घर सोडून गेला असेल तर 'शिफ्टेड'. असे दहा-बारा ठरलेले शेरे असतात. सासूबाईंच्या सरळ उत्तराचा त्या मुलाने काय शेरा केला असेल हे मी न बघताच सांगू शकते: कर्जदार इथेच राहतो, रात्री भेटतो. म्हणून त्यानंतरच्या सगळ्या भेटी रात्रीच्या झाल्या. एक तर पावणेनऊला.

दुसरी चूक सासूबाईंच्या मुलाकडून झाली, तीही सद्भावनेतून. जुलैमध्ये आलेल्या एकाला त्याने नीट सांगितलं की तो माणूस इथे राहत नाही. समोरचा म्हणाला, "मग पुरावा द्या, मी साहेबांना दाखवतो." याने स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. नंबर गेला. दोन दिवसांत त्याच नंबरवर फोन सुरू झाले, कारण तो आता फाइलमध्ये कर्जदाराचा 'पर्यायी संपर्क' झाला होता. दारात आलेल्या माणसाला नोंदणीकृत भाडेकराराचं पहिलं पान लांबून दाखवावं, भाड्याचा आकडा झाकून. त्याच्या हातात किंवा मोबाइलमध्ये काहीही देऊ नये. आधार तर कधीच नाही.

मग ती मुलगी वैतागून म्हणाली, "काकू, प्रत्येकाला आम्ही तेच सांगतोय. दर वेळी नवीन माणूस येतो आणि पुन्हा पहिल्यापासून." या प्रकरणाचं मर्म तिच्या या तक्रारीतच होतं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. बँक ते बाहेरच्या एजन्सीला देते. एजन्सीकडून ठरलेल्या मुदतीत वसुली झाली नाही की फाइल दुसरीकडे जाते. काही खाती शेवटी मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकली जातात. माणसं बदलतात, कंपनी बदलते, पण अर्जावरचा तोच जुना पत्ता सगळीकडे जातो. दारात येणाऱ्या पोराला कितीही पटवलं तरी ते समजणं त्याच्याबरोबर जिना उतरून जातं. पटवायचं असतं ते मूळ धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, नोंदवहीला, आणि तेही लेखी.

पाकिटं

कपाटावरची पाकिटं आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरली. एकही फोडलं नाही, दुसऱ्याचं टपाल फोडायचं नसतं. पण पाकिटाच्या बाहेरच्या मजकुरावरून पुष्कळ कळतं. तीन पाकिटं क्रेडिट कार्डाच्या बँकेची होती, दोन दुचाकीला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीची, एक वकिलाची नोटीस दिसत होती आणि एक एका सहकारी पतसंस्थेचं. चार पाठवणारे, चार वेगळे रस्ते. ते वेगळे करून पाहिल्यावरच तिची भीती थोडी उतरली, कारण तोवर तिला वाटत होतं की एकच कुणीतरी टोळी मागे लागली आहे.

प्रत्येक पाकिटावर "सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, पाठवणाऱ्यास परत" असं लिहून, तारीख घालून, पोस्टमनदादांकडे परत दिली. त्याआधी सगळ्यांचे बाहेरून फोटो काढले. पुढे आलेलं एकही टपाल ठेवून घेतलं नाही आणि कुणाच्याही पोचपावतीवर सही केली नाही.

पार्किंग

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सकाळी वॉचमनदादांचा फोन आला. दोघं जण ३०४ च्या जागेवरच्या दुचाकीचे फोटो काढत होते आणि एकाने हँडललॉकशी खटपट सुरू केली होती. आधीच्या भाडेकरूची गाडी त्याच कंपनीची, त्याच रंगाची होती. जागा तीच, गाडी तशीच, मग हीच असणार, असा त्यांचा हिशेब.

मी खाली गेले तेव्हा तो मुलगा संतापाने थरथरत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि त्या दोघांना म्हटलं, "अरे बाळांनो, तुमच्या कागदावरचा चासी नंबर वाचा बरं." एकाने मोबाइल काढला. इकडे आम्ही आरसी काढली. दोन्ही नंबर शेजारी धरल्यावर वाद संपला. मी त्यांचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागितलं. एकाकडे ओळखपत्र होतं, अधिकारपत्र कुणाकडेच नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ च्या परिपत्रकात बँकांच्या वसुली एजंटांसाठी हे स्पष्ट सांगितलं होतं: एजंटाने ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि कर्जदाराला पाठवलेल्या नोटिशीची प्रत बरोबर ठेवायची, आणि १०० तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असायचं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दांडगाई करून वसुली करण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले होते. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने आणखी बजावलं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. सूक्ष्म वित्त कर्जांना तर वेळ याहून कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. प्रत्यक्ष कर्ज घेतलेल्याला एवढं संरक्षण आहे. ज्याने कर्जच घेतलं नाही त्याच्या दारात रात्री पावणेनऊला उभं राहायचं काही कारणच उरत नाही. एजंटाला घरात शिरायचा, काही उचलून न्यायचा किंवा घराची झडती घ्यायचा अधिकार नसतो.

हे मी त्या दोघांना शांतपणे सांगितलं. त्यांचं वय पंचवीसच्या आत असावं. त्यांच्यावर राग धरून काही होत नाही, महिनाअखेरचा आकडा त्यांच्या डोक्यावर असतो. पण त्यांच्या ओळखपत्राचा फोटो मात्र मी घेतला, आणि तो पुढे उपयोगी पडला.

पत्र

त्याच संध्याकाळी आम्ही पत्रं लिहायला बसलो. प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा ईमेल संकेतस्थळावर द्यावा लागतो. कॉल सेंटरला फोन करण्यात त्या मुलाने दोन रजा घालवल्या होत्या. तिथे पहिला प्रश्न येतो कर्ज खाते क्रमांकाचा, आणि यांच्याकडे तो असणार कुठून? मजकूर साधारण असा होता:

"आपले कर्जदार श्री. ___ हे वरील सदनिका ३० एप्रिल रोजी सोडून गेले आहेत. आम्ही ५ जूनपासून नोंदणीकृत करारान्वये येथे राहतो. आमचं त्यांच्याशी नातं नाही, व्यवहार नाही, आम्ही त्यांचे जामीनदार नाही. आपल्या वतीने पुढील तारखांना, पुढील वेळी माणसं येऊन गेली. हा पत्ता आणि आमचा मोबाइल क्रमांक आपल्या व आपण नेमलेल्या सर्व एजन्सींच्या नोंदींतून काढावा, खातं अन्य संस्थेकडे वर्ग झाल्यास तिलाही तसं कळवावं, आणि ही कार्यवाही झाल्याचं आम्हाला लेखी कळवावं."

जुन्या भाडेकरूचं कर्ज किती, त्याने फेडावं की नाही, यातला एक शब्दही आम्ही घातला नाही. तो विषय आमचा नव्हता. 'अन्य संस्थेकडे वर्ग झाल्यास' हे वाक्य मी मुद्दाम घातलं. खातं विकलं गेलं की सगळं नव्याने सुरू होतं, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळदा पाहिलं आहे.

सोबत भाडेकराराचं पहिलं पान, घरमालकांचं दोन ओळींचं पत्र आणि सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरींचा दाखला जोडला. आमच्याकडे घर सोडताना टेम्पोसाठी गेटपास लागतो. ३० एप्रिलच्या गेटपासची स्थळप्रत कार्यालयात मिळाली: टेम्पोचा नंबर, वेळ, सही. इतका सज्जड पुरावा मला माझ्या नोकरीतही क्वचित मिळाला असेल. ज्यांचा भाडेकरार नोंदवलेला नाही त्यांना इथे अडचण येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तेव्हा घर घेतानाच आग्रह धरावा.

ईमेल केला, शिवाय पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. बँकेचं पहिलं उत्तर आलं ते छापील: खाते क्रमांक कळवा. आम्ही उलट लिहिलं की आम्ही आपले ग्राहक नाही, नाव आणि पत्ता हीच आमच्याकडची खूण आहे, आणि सोबत ११ ऑगस्टच्या रात्री दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीचा फोटो जोडला. त्यावर खात्याचे शेवटचे चार आकडे होते. १९ व्या दिवशी बँकेचं लेखी उत्तर आलं, पत्ता काढल्याचं. फायनान्स कंपनीला स्मरणपत्र द्यावं लागलं. पार्किंगमधल्या ओळखपत्राचा फोटो जोडल्यावर तेही हललं.

मधल्या काळात मुलाला आणखी एक धास्ती होती, आपला सिबिल खराब होईल का. नाही होणार. पत अहवाल माणसाच्या नावाने, पॅनने बांधलेला असतो, घराच्या नंबराने नव्हे. तरी खात्री म्हणून त्याने स्वतःचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. स्वच्छ होता.

पोलीस चौकी

११ ऑगस्टच्या रात्री आलेल्या माणसाने दारात पाय अडकवून ठेवला होता आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला होता, "लोकांचे पैसे खाऊन वर दार लावता काय!" मुलगी घरात एकटी होती. हे पत्राने मिटवायचं प्रकरण नव्हतं.

चौकीतले हवालदार आधी म्हणाले, "तुमचा आपसातला व्यवहार आहे, मिटवून घ्या." मुलगी म्हणाली, "साहेब, व्यवहारच नाही आमचा." करार आणि गेटपास पुढे ठेवल्यावर त्यांनी नीट ऐकून घेतलं. भारतीय न्याय संहितेतली कलमं ३५१ (धमकी) आणि ३५२ (शांतताभंग व्हावा असा अपमान) लावून अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, नोंदवली गेली. एनसीने कुणाला अटक होत नाही. पण तिची प्रत बँकेला पाठवलेल्या दुसऱ्या पत्राला जोडली आणि त्यानंतर रात्रीची एकही भेट झाली नाही. असा प्रसंग चालू असतानाच ११२ ला फोन करावा.

फ्रीज

हे सगळं एजंटांचं झालं. पतसंस्थेची गोष्ट वेगळी होती, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात. पतसंस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो. मग कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी कर्जदाराची जंगम मालमत्ता जप्त करू शकतो. या अधिकाऱ्याला 'निघा इथून' म्हणून चालत नाही. त्याच्या हातात कायद्याचा कागद असतो. कोर्टाच्या बेलिफाचंही तसंच.

२७ ऑगस्टला दुपारी सासूबाईंचा मला फोन आला, आवाज पार खाली गेलेला. "ताई, फ्रीज न्यायला आल्यात." मी चप्पल न घालताच जिना चढले. आत दोन माणसं, बाहेर एक हमाल. सासूबाई फ्रीजला पाठ लावून उभ्या होत्या, दोन्ही हात मागे, जणू कुणी तो ढकलून नेणार आहे. अधिकारी मात्र सभ्य होते, बसायलाही नको म्हणाले.

मी त्यांना दाखला दाखवायची विनंती केली. नाव जुन्या भाडेकरूचं. जप्ती फक्त त्याच्याच वस्तूंची होऊ शकते. प्रश्न एवढाच की या घरातल्या वस्तू त्याच्या नाहीत हे त्या क्षणी दाखवायचं कसं. मुलीला रुग्णालयात फोन लावला, तिने फ्रीजचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तिच्या माहेरच्या नावाचं, लग्नाच्या आधीचं. टीव्हीचं बिल सापडेना, पण खरेदीचा मेल निघाला. कपाट, गिझर आणि पलंग घरमालकांचे, आणि भाडेकराराच्या शेवटी त्यांची यादी जोडलेली होती. अशी यादी कुणी वाचत नाही. त्या दुपारी आम्ही ती ओळ न् ओळ वाचली.

अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात लिहिलं की कर्जदार येथे राहत नाही आणि घरातील वस्तू अन्य व्यक्तींच्या असल्याचं कागदपत्रांवरून दिसतं. दोन पंचांच्या सह्या झाल्या. त्यांनी वस्तू नेल्या असत्या तरी हरकत घेण्याची सोय नियम १०७ मध्येच आहे, दिवाणी जप्तीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ मध्ये आहे. पण सामान परत मिळवायला खेटे घालावे लागतात, त्यापेक्षा बिलं एका पिशवीत असलेली बरी. बेलिफ आला तरी हीच रीत: खरं ते सांगायचं, दुसऱ्याचं समन्स स्वीकारायचं नाही, आणि त्याने दारावर चिकटवलं तर फाडायचं नाही.

ज्यांनी जुनं घर विकत घेतलं आहे त्यांच्यासाठी एक सांगायला हवं. माणसाचं कर्ज माणसामागे जातं, पण काही देणी घरालाच लागलेली असतात. मालमत्ता कराचा पहिला बोजा मालमत्तेवर असतो. विजेची जुनी थकबाकी भरल्याशिवाय वीज कंपनी जोडणी नाकारू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि ती परत पाठवून विषय संपत नाही. तारणाची नोंद सरसाय या केंद्रीय नोंदणीत पाहता येते.

तो कुठे आहे

मुलाला टेम्पोवाल्याकडून जुन्या भाडेकरूचा नवा पत्ता कळला होता. सप्टेंबरमध्ये आलेल्या एकाने सरळ सांगितलं, "पत्ता द्या, परत येणार नाही." रात्री तिघंही माझ्याकडे बसले होते. मुलाचं म्हणणं होतं, देऊन टाकू. त्याचं चुकत होतं असं मला वाटत नाही, तीन महिने तो झोपला नव्हता.

मी नको म्हटलं. पत्ता शोधणं हे धनकोचं काम आहे, त्याला कोर्टाचा मार्ग आहे. आणि त्या घरातही कुणाची तरी सासू दुपारी एकटी असेल. सोसायटीत सगळ्यांना आठवतं, त्या माणसाचा टिफिनचा धंदा होता, दोन वर्षं चांगला चालला, मग बसला. त्याच्या बायकोने जाताना तुळशीची कुंडी माझ्याकडे ठेवून दिली, ती अजून माझ्या खिडकीत आहे. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "आपल्या दारातनं गेलं, दुसऱ्याच्या दारात आपण का घालायचं?"

पण एक केलं. घरमालकांमार्फत त्याला निरोप दिला की तुमच्या नावाने वकिलाची नोटीस आणि १०१ चा दाखला आला आहे, वकिलाला भेटा. चेक न वटल्याची नोटीस असेल तर कायदा पैसे भरायला फक्त १५ दिवस देतो, आणि ते त्याला माहीत असायला हवं होतं.

जानेवारी

चार महिने शांत गेले. जानेवारीत अपेक्षेप्रमाणे एक नवा मुलगा आला, खातं विकत घेतलेल्या कंपनीचा. सकाळचे अकरा वाजले होते. सासूबाईंनी जाळीचं दार उघडलं नाही. आत भिंतीला खिळ्यावर प्लास्टिकची पिशवी टांगलेली आहे, तिच्यात बँकेचं पत्र, करार आणि पंचनामा आहे. त्यांनी विचारलं, "कोन पायजे? नाव सांग आधी." त्याने सांगितलं. "ते एप्रिलात गेलं. ह्ये बघ." पत्र त्यांनी जाळीला आतून टेकवून धरलं. मुलाने वाचलं, मान हलवली, मोबाइलमध्ये काहीतरी टाकायला लागला.

"काय लिवलंस? दाव मला."

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला जिन्यातून हाक मारली. त्याने मोबाइल जाळीपाशी धरून ठेवला होता, मी येईपर्यंत. पडद्यावर एकच शब्द निवडलेला होता, 'शिफ्टेड'. मी मान डोलावली, त्याने बटण दाबलं आणि सासूबाईंनी त्याला पाणी विचारलं.